एक षष्ठांश आणि ब्रँडेल बीव्हर्स

मृत्युपत्र लिहून ठेवणार: श्रीमती बिलकिस दस्तगीर शिकलगार, वय ७३, धंदा: निवृत्त मराठी टंकलेखक, राहणार मोमिनपुरा, गंज पेठ, पुणे.

पुणे मुक्कामी मी हे मृत्युपत्र माझ्याच यंत्रावर, माझ्याच बोटांनी टाइप करून ठेवते ते असे.

कोर्टाच्या आवारात टेबल टाकून मी आयुष्यभर दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. "मानवी जीवन क्षणभंगुर असून केव्हा काय होईल याचा भरवसा नाही" हे वाक्य माझी बोटे झोपेतसुद्धा टाइप करतील. स्वतःच्या मृत्युपत्रात मी ते घालत नाही. कोणाला शंका असेल तर त्याने आमच्या कब्रस्तानात एक चक्कर मारून यावी.

माझी प्रकृती, हृदय सोडले तर, वयाच्या मानाने बरी आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि मला बरे-वाईट समजते असे त्यात लिहिले आहे. दाखला देताना डॉक्टरांनी सहज विचारले, "आजी, वेळ कसा घालवता? काही छंद?" मी म्हटले, कॅनडात ब्रँडेल नावाचे गाव आहे, तिथल्या बीव्हर्स नावाच्या आइस हॉकी संघाची मी चाहती आहे आणि पहाटे उठून त्यांचे सामने पाहते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. मग मला आज वार कोणता, महिना कोणता आणि शंभरातून सात गेले किती, हे विचारले. सगळी उत्तरे बरोबर आल्यावर त्यांनी नाइलाजाने सही केली.

हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. उद्या कोणी उठून म्हणेल की बाईचे डोके ठिकाणावर नव्हते, बाई पहाटे उठून बर्फावरच्या गोऱ्या माणसांना शिव्या घालत होती. घालत होते. त्याचे कारण खाली दिले आहे.

कलम १. कुटुंब

माझे पती दस्तगीर यांचे बोहरी आळीजवळ सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचे दुकान होते. ते वारल्याला बरीच वर्षे झाली. आम्हाला दोन मुलगे. थोरला खालिद नोकरीसाठी ब्रँडेलला गेला, तिथेच स्थायिक झाला आणि तिथेच चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मागे पत्नी नाजिमा आणि मुलगी अलिझा आहेत. अलिझा आता अकरा वर्षांची आहे. धाकटा फैझल कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि वारज्याला सहकुटुंब राहतो.

कायद्याने आज माझा वारस एकटा फैझल आहे. हे वाक्य टाइप करताना मी यंत्रावरून हात काढून थोडा वेळ बसले होते.

कलम २. संघ

हा संघ माझ्या मिळकतीत येत नाही, अल्लाचे आभार. पण त्याची माहिती दिल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

बीव्हर म्हणजे नदीत काटक्या रचून धरण बांधणारा तिकडचा एक प्राणी. खेळाडूंच्या छातीवर त्याचे चित्र असते, दोन दात पुढे. या संघाने मात्र आपल्या गोलपुढे आजवर साधा बांधही घातलेला नाही. पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी लहान होते, वडिलांनी आम्हाला उचलून शेजारच्यांच्या गच्चीवर बसवले होते. शेवटच्या डावात बीव्हर्सचा बचाव पाहताना मला ती गच्ची आठवते. खालून येणारे दिसते आणि करता काहीच येत नाही.

खालिद तिकडे गेला त्या पहिल्याच थंडीत कारखान्यातल्या कोणीतरी त्याला सामन्याला नेले. त्याने तिथूनच मला फोन केला. "अम्मी, इथे लोक पायाला सुऱ्या बांधून पळतात! अब्बा असते तर दुकान काय चाललं असतं!" मग त्याला सवयच लागली. सामना सुरू व्हायच्या आधी खुर्चीवर बसून मला फोन लावायचा आणि फोनचे तोंड बर्फाकडे करायचे. तिकडे संध्याकाळ, इकडे पहाट. मला दिसायचे काय, तर पांढरी चादर आणि तिच्यावर पळणाऱ्या मुंग्या. ज्या काळ्या चकतीसाठी ही सगळी मारामारी चालते ती मला अजून दिसत नाही. माणसे जिकडे धावतात तिकडे ती असणार असे मी धरून चालते. पहिला डाव संपला की मी फज्रची नमाज पढायचे आणि दुसऱ्या डावाला हजर व्हायचे. तेवढ्यात बीव्हर्सवर आणखी एखादा गोल झालेला असायचा. मध्यंतरात कसा होतो, असे मी विचारले तर खालिद म्हणायचा, "अम्मी, तू नमाज जरा लांबवलीस."

आमच्या घरात दखनी बोलतात. पण राग आला की माझ्या तोंडून मराठीच येते, कारण माझी सगळी भांडणे कोर्टाच्या आवारात झाली, टेबलाच्या जागेवरून आणि वकिलांच्या शुद्धलेखनावरून. बीव्हर्सवर मला पहिल्या दिवसापासून रागच आला, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे काही बोलले ते मराठीत. खेळाडूंची खरी नावे मला उच्चारता येत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. गोलरक्षकाचे नाव स्वारगेट, कारण सगळ्या गाड्या त्याच्यातूनच आत जातात. कप्तानाला निवृत्तीचे वय उलटले तरी दरवर्षी ठेवून घेतात, म्हणून तो मुदतवाढ. प्रशिक्षक दर पराभवानंतर पुढच्या हंगामाचे आश्वासन देतो, त्याचे नाव पुढची तारीख. आणि सतरा नंबरचा जो गडी आहे, तो तडीपार.

तडीपारबद्दल थोडे सांगावे लागेल. या खेळात कोणी दांडगाई केली तर त्याला मैदानाबाहेरच्या काचेच्या पेटीत बसवतात. तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. शिक्षा संपली की पेटीचे दार उघडते आणि तो पुन्हा खेळात येतो. आमचा सतरा नंबर खेळात कमी आणि पेटीत जास्त. तिकीट काढून सामना पाहायला आलेला माणूस वाटतो. समोरच्यांचा गडी पेटीत असेल तेव्हा आम्ही पाच आणि ते चार. जगातला कुठलाही संघ अशा वेळी गोल करतो. आमचा संघ अशा वेळी गोल खातो. पाचजणांनी चौघांकडून मार खाण्याला आमच्या पेठेत काय म्हणतात ते दस्तऐवजात लिहिण्यासारखे नाही.

अलिझा चालायला लागली तशी खालिद तिला मांडीवर घेऊन सामन्याला बसू लागला. तिच्या घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी. मराठी तिच्या कानावर आली ती फक्त माझ्या ओरडण्यातून. त्यामुळे तिला मराठीत "पाणी दे" म्हणता येत नव्हते, पण "अरे भोपळ्या, मागे बघ" हे ळसकट स्वच्छ म्हणता येत होते. "काठी आहे का खराटा?" हे तिचे दुसरे वाक्य. "डोळे काय घरी ठेवून आलास?" हे तिसरे. खालिद सांगायचा की त्यांच्या रांगेतले म्हातारे गोरेही आता सतरा नंबर पेटीत चालला की "तडिपाऽर" म्हणून ओरडतात. त्यांना ते खेळातले काहीतरी जुने फ्रेंच नाव वाटते.

मी त्या वर्षांत सुखी होते. असे दस्तऐवजात कोणी लिहीत नाही, पण होते.

कलम ३. तो दिवस

चार वर्षांपूर्वी जानेवारीत सामना दुसऱ्या गावी होता. अशा वेळी खालिद घरूनच टीव्हीवर पाहायचा आणि फोन लावून मला सोबत घ्यायचा. त्या पहाटे फोन आला नाही. बर्फ फार पडलाय असे तो आदल्या दिवशी म्हणाला होता, म्हणून वाटले वीज गेली असेल. त्याने पाठवलेल्या टॅबवर मी एकटीच सामना लावला.

आणि बीव्हर्स जिंकायला लागले! स्वारगेटने दार बंद केले. मुदतवाढने गोल केला. तडीपार पूर्ण सामना पेटीबाहेर राहिला आणि त्यानेही एक मारला. सहा गोल केले त्यांनी. मी खोलीत उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होते. हे त्याला सांगायचे होते म्हणून मीच फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. शेवटी नाजिमाने उचलला. ती काही बोलायच्या आत मी ओरडले, "कुठंय तो? त्याला म्हणावं, सहा गोल!"

नाजिमा हॉस्पिटलमध्ये होती. दारापुढचा बर्फ काढायला म्हणून तो फावडे घेऊन बाहेर गेला होता आणि तिथेच कोसळला. मी टाळ्या वाजवत होते तेव्हा माझा मुलगा जिवंत नव्हता.

त्याला तिकडेच दफन केले. व्हिसा अशा घाईत मिळत नाही. जमीन गोठली होती, ती यंत्राने फोडावी लागली. हे सगळे मी फोनवर पाहिले, ज्या फोनवर बर्फ पाहत होते त्याच फोनवर. माझ्या पोटच्या पोराला मी हाताने माती देऊ शकले नाही. अजूनही थंडी पडली की मी पहिल्यांदा त्याला पांघरूण आहे का हा विचार करते, आणि मग आठवते.

तेव्हापासून बीव्हर्स जिंकले की मला धास्ती वाटते. हरले की बरे वाटते, सगळे जिथल्या तिथे आहे असे वाटते. या बाबतीत संघाने मला फारसा त्रास दिलेला नाही.

पुढे बरेच दिवस मी टॅब कपाटात ठेवला. मग एका पहाटे फोन वाजला. उचलला तर अलिझा, मैदानावर बापाच्या खुर्चीत बसलेली, पाय अधांतरी. "दादी, बघ ना, स्वारगेट परत झोपला." मला रडू येत होते, म्हणून मी फोन ठेवणार होते. पण स्वारगेट खरोखरच झोपला होता, मग ओरडले. त्या दिवसापासून एकही सामना आम्ही दोघींनी सोडलेला नाही. नाजिमा शेजारी बसून फोन धरते. तिला हॉकी आवडत नाही, थंडी तर अजिबात सोसत नाही. तरी ती दर सामन्याला येऊन बसते. नाजिमा, बेटी, हे मी तुला कधी तोंडावर बोलले नाही, पण तू माझी लेक आहेस.

कलम ४. दफन

मला पुण्यातच दफन करावे. कॅनडाहून कोणी येईल म्हणून वाट पाहू नये, पुढच्या नमाजच्या आत उरकावे. खालिदने पाठवलेली बीव्हर्सची जर्सी मी थंडीत पहाटे साडीवर घालते, आणि मला तीच घालून पुरा असे मी एकदा बोलले होते. ती थट्टा होती. कफनाशिवाय काही नको. जर्सी अलिझाला द्यावी, ती आता तिला गुडघ्यापर्यंत येईल.

माझे दफन अलिझाला फोनवर दाखवू नये. मी पाहिलेले आहे. एका घरात एवढे पुरे.

कलम ५. किरकोळ वस्तू आणि किरकोळ माणसे

टंकलेखन यंत्र कोर्टातली माझी शेजारीण मुक्ताई ढमढेरे हिला द्यावे. तिचे स्वतःचे यंत्र माझ्याहून चांगले आहे असे ती जन्मभर सांगत आली. आता दोन्ही शेजारी ठेवून काय ते बघ म्हणावे. 'ष' ची कळ जरा दाबून मारावी लागते.

पतीचे धार लावायचे चाक फैझलला. फैझल, बाल्कनीत जागा नाही असे तू म्हणशील. तुमच्या बाल्कनीत दोन सायकली आहेत आणि त्या कोणी चालवत नाही. चाक ठेव.

आमच्या सोसायटीचे चेअरमन बापूराव होले यांनी जिन्यात फळा लावला होता: "पहाटे विनाकारण आरडाओरडा करणाऱ्या सभासदांनी इतरांच्या झोपेचा विचार करावा. ही विनंती समजावी. (समजल्यास.)" तो फळा मी काढून घेतला होता, तो त्यांना परत द्यावा. चोरीला गेला नव्हता. आणि सांगावे की विनाकारण नव्हता. खालिद गेल्यावर हेच बापूराव रोज सकाळी दारात दुधाची पिशवी ठेवून बेल न वाजवता जायचे, तेही मला माहीत आहे. त्यामुळे त्यांच्यावरचा राग मी अर्धा सोडते. उरलेला अर्धा पाण्याच्या पंपाबद्दल आहे, तो कायम राहील.

दागिने नाहीत. खालिदला पाठवताना मोडले, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. बँकेत जे असेल त्यातून आधी दफनाचा खर्च करावा. उरेल त्याची वाटणी कलम ६ प्रमाणे.

कलम ६. घर

मोमिनपुऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मी माझ्या कमाईतून घेतला. त्यावर बोजा नाही, वाद नाही. आजवर नव्हता.

गेल्या ईदला, फैझल, तुम्ही सगळे आलात आणि संध्याकाळची जेवणे झाली. टॅब साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात अलिझा होती, तिकडे तिची न्याहारी चालली होती. घराचा विषय निघाला. मी म्हटले, निम्मे तुझे, निम्मे अलिझाचे. फैझल, तू म्हणालास, "अम्मी, तिचा यात हिस्सा येतच नाही. भाईजान तुझ्या आधी गेला, तिथेच त्याची बाजू संपली. मी नाही म्हणत, कायदाच तसा आहे." मी चिडले, तूही चिडलास, आणि आपण दोघे चिडलो की मराठीवर येतो. ते सगळे भांडण मराठीत झाले. तुला वाटले की पोरीला मराठी समजत नाही. इतकी वर्षे माझ्याबरोबर सामने पाहून तिला आता सगळी समजते.

तुम्ही वारज्याला गेलात. अलिझा अजून टॅबवर होती. ती मला म्हणाली, "दादी, बाबा गेले म्हणून मी पेटीत का? मी काय केलं? दार कधी उघडणार?"

फैझल, तुझी चूक नव्हती. तू बोललास ते कायद्याला धरूनच होते. आपल्यात मुलगा बापाच्या किंवा आईच्या आधी गेला आणि दुसरा मुलगा हयात असला, की गेलेल्याच्या मुलांना वारसा पोचत नाही. असे दस्तऐवज मी कितीतरी टाइप केले. टेबलासमोर पोर घेऊन उभी असलेली बाई असायची, आणि मी मान वर न करता विचारायचे, "पुढे सांगा." आता माझ्या घरात ती बाई नाजिमा आहे.

कायद्याने मला एवढेच हातात दिले आहे की माझ्या मिळकतीचा एक तृतीयांश मी वारस नसलेल्या कोणालाही मृत्युपत्राने देऊ शकते. तो पूर्ण एक तृतीयांश मी अलिझा खालिद शिकलगार हिला देते. याला कोणाची परवानगी लागत नाही.

पण खालिद असता तर त्याला निम्मे मिळाले असते. तृतीयांश आणि निम्मे यांच्यात एक षष्ठांश कमी पडतो. तो देण्याचा मला अधिकार नाही. वारसाने संमती दिली तरच तो देता येतो, आणि ती संमतीही मी जिवंत असताना दिलेली चालत नाही. माझ्या मृत्यूनंतर द्यावी लागते. आमचे वकील उत्तरेश्वर गव्हाणे यांनी सोपा उपाय सांगितला: "बाई, हयातीतच बक्षीसपत्र करून टाका, निम्मे तिच्या नावावर. कोणाला विचारायलाच नको." त्यांचा सल्ला बरोबर आहे आणि मी तो ऐकत नाही. तसे केले तर मी ते फैझलकडून काढून घेतल्यासारखे होईल. मला काढून घ्यायचे नाही. त्याने द्यावे अशी इच्छा आहे.

फैझल, आता हे तुला.

तू एकदा म्हणाला होतास, "भाईजान फोनवर असायचा म्हणून त्याच्याशी तासन्तास गप्पा. मी रोज दारात उभा, तर माझ्याशी फक्त गॅसच्या सिलेंडरवर बोलतेस." मी तेव्हा हसण्यावारी नेले. पण मला दवाखान्यात तू नेलेस, रात्री खुर्चीत तू झोपलास, खालिद गेला तेव्हा माझ्या तोंडात घास तू घातलास, आणि तुझा स्वतःचा भाऊ गेला होता हे त्या दिवसांत कोणाच्या लक्षातही आले नाही. तू मोरीत नळ सोडून रडायचास. मला ऐकू यायचे. तुझ्यावर माझी किती माया आहे हे मला कधी नीट सांगता आले नाही, कारण तू समोर होतास आणि समोरच्या माणसाला काय सांगायचे असते ते मला कळले नाही. ते इथे टाइप करून ठेवते. या घरावर तुझा हक्क नुसता कायद्याचा नाही, तो तू कमावलेला आहे.

म्हणूनच तुझ्याकडे मागते. हुकूम असता तर लिहून मोकळी झाले असते. या फ्लॅटचा षष्ठांश म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि मोरीचा कोपरा, एवढीच जागा भरेल. तिला डॉलरची ददात नाही, हे तुझे म्हणणेही खरे आहे. ती इथे राहायला येणार नाही. मला फक्त एवढे हवे आहे की तिच्या बापाला जेवढे मिळाले असते तेवढेच तिला मिळावे, आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुझ्या नावाशेजारी तिचे नाव असावे. उद्या ती पंचवीस वर्षांची होईल, तिला कोणी विचारील तू कुठली, तेव्हा तिला पुण्यातले एक दार दाखवता यावे. तृतीयांश दिला तर ते मी दिलेले होईल. निम्मे झाले तर ते चाचाने दिलेले होईल. मी काय, म्हातारी, आज आहे उद्या नाही. तिला चाचा लागणार आहे.

नाही म्हणालास तरी तू माझा मुलगाच आहेस आणि माझी नाराजी नाही. हो म्हणालास तर मला कळणार नाही. कायदा करणाऱ्याने असा का केला कोण जाणे. मी खूप विचार केला. मला वाटते, आईच्या भीतीने हो म्हटलेले त्याला नको असावे.

संमतीसाठी साक्षीदारांच्या सह्यांखाली जागा कोरी सोडली आहे.

कलम ७. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. उत्तरेश्वर गव्हाणे, वकील, यांनी करावी. ते बीव्हर्सचे चाहते नाहीत. त्यांचा निर्णय डोके शांत ठेवून झालेला असेल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, दोन ठिकाणी रडून आणि एका ठिकाणी यंत्राची फीत बदलून पुरे केले आहे. सही खालीलप्रमाणे.

पुणे, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

(सही) बिलकिस दस्तगीर शिकलगार

साक्षीदार:

१. (सही) उत्तरेश्वर नामदेव गव्हाणे, वकील, पुणे. बाईंनी आमच्या समक्ष सही केली.

२. (सही) मुक्ताई शंकर ढमढेरे, टंकलेखक, पुणे. समक्ष सही केली. यंत्र माझेच चांगले आहे.

वारसाची संमती (मृत्युपत्र करणारीच्या निधनानंतर भरावयाची):

मी, फैझल दस्तगीर शिकलगार, राहणार वारजे, माझी आई बिलकिस हिच्या निधनानंतर, सदर मृत्युपत्राचे कलम ६ वाचून, फ्लॅटचा आणि शिल्लक रकमेचा आणखी एक षष्ठांश माझी पुतणी अलिझा हिला देण्यास संमती देतो. तिचा हिस्सा निम्मा धरावा. शेअर सर्टिफिकेटवर तिचे नाव लावण्याचा अर्ज आज दिला आहे.

वकीलसाहेब म्हणाले, एवढे पुरे. तरी दोन ओळी लिहितो.

भाभींनी अलिझाला अम्मी गेल्याचे सांगितल्यावर तिने मला फोन केला. मी नेहमीप्रमाणे तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागलो. तिने मला मध्येच थांबवले. मग म्हणाली, "चाचा, मराठीत ओरडा ना माझ्यावर."

मला ओरडता आले नाही.

पुणे, दिनांक ३ मार्च २०२६

(सही) फैझल दस्तगीर शिकलगार